छोट्या कारचं इंजिन उचलून सीटच्या मागे ठेवलं की स्पोर्ट्स कार होते का? घरी बनवलेल्या 'मिड-इंजिन' गाडीमागचं गणित

रील्स स्क्रोल करताना दर चार-पाच दिवसांनी एक व्हिडिओ हमखास समोर येतो. पत्र्याची शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, घामाघूम झालेला एखादा पोरगा आणि शेवटच्या पाच सेकंदांत लॅम्बोर्गिनीसारखी दिसणारी गाडी. खाली कमेंटही ठरलेल्या. कुणी बदाम टाकतो, कुणी भावाला सपोर्ट करा म्हणतो आणि एखादा हळूच विचारतो, "पासिंग होणार का?"

२०२१ च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, एका कारागिराने बनवलेली छोटी जीप अशीच देशभर गाजली. भंगारातल्या पार्टपासून बनवलेली, सुमारे साठ हजार रुपये खर्च आलेली आणि बाइकसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ पाहिला आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो त्यांच्या दारात आलीसुद्धा. लोकांच्या लक्षात ही बोलेरो राहिली. महिंद्रांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. ही गाडी नियमांत बसत नाही आणि स्थानिक अधिकारी आज ना उद्या तिला रस्त्यावर येण्यापासून रोखतील, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं.

पासिंगच्या या प्रश्नाकडे नंतर येऊ. त्याआधी एक तांत्रिक मेख बघू. व्हायरल होणाऱ्या बहुतेक घरगुती 'लॅम्बोर्गिनी'मध्ये आत एखादी जुनी स्विफ्ट किंवा मारुती ८०० असते आणि तिचं इंजिन कंपनीने ठेवलं तिथेच, म्हणजे पुढे असतं. खऱ्या लॅम्बोर्गिनीच्या सुपरकारचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असतं. बाहेरून कितीही फायबर चढवलं तरी आतली गाडी स्विफ्टच राहते. खरोखर इंजिन मागे नेऊन गाडी बनवणारेही आहेत. जगभरातले हौशी लोक गेली साठ वर्षं हे करत आलेत आणि त्यासाठी त्यांना फेरारीचे पार्ट लागत नाहीत. लागते ती एक साधी, छोटी, फ्रंट-व्हील ड्राइव्ह कार.

मिड-इंजिन म्हणजे नेमकं काय?

इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असलं की ती मिड-इंजिन गाडी. स्पोर्ट्स कारमध्ये ते साधारणपणे सीटच्या लगेच मागे आणि मागच्या चाकांच्या थोडं पुढे बसतं.

याचा फायदा समजायला कावड डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर आडवा बांबू आणि दोन्ही टोकांना पाण्याने भरलेले हंडे. अशा माणसाला पटकन वळता येत नाही. वळला तरी पटकन थांबता येत नाही, हंडे त्याला पुढे ओढत नेतात. तेच दोन हंडे पोटाशी धरले तर वजन तेवढंच राहतं, पण माणूस जागच्या जागी गिरकी घेऊ शकतो. गाडीतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. ती मध्यभागी आली की गाडी स्टेअरिंगला लगेच प्रतिसाद देते. शिवाय वजन मागच्या, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या चाकांवर आल्याने निघताना टायर कमी घसरतात.

पण जी गाडी पटकन वळते, ती पटकन गिरकीही घेते. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू बाहेर सुटते आणि नवख्या ड्रायव्हरला सावरायला वेळच मिळत नाही.

(जाता जाता: आपल्या मारुती ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, पुढच्या ॲक्सलच्या मागे होतं आणि ताकद मागच्या चाकांना जायची. म्हणजे व्याख्येनुसार ओम्नीही मिड-इंजिनच! लग्नाचं वऱ्हाड वाहून नेणाऱ्या त्या गाडीला स्पोर्ट्स कार मात्र कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.)

सगळी करामत एका गाठोड्याची

१९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मिनी आली. ॲलेक इसिगॉनिस यांनी डिझाइन केलेली जेमतेम तीन मीटर लांबीची गाडी. जागा वाचवायची म्हणून त्यांनी इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच खाली, ऑइल सम्पमध्ये बसवला. ताकद पुढच्या चाकांना दिली. इंजिन, गिअरबॉक्स, चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट आणि सस्पेन्शन असं सगळं एका लोखंडी सबफ्रेमवर आलं. थोडक्यात, गाडी चालवणारी सगळी यंत्रणा एका गाठोड्यात बांधली गेली.

मग काही डोकेबाज लोकांच्या लक्षात आलं की हे गाठोडं जसंच्या तसं सोडवून मागे नेऊन ठेवता येईल. तोंड त्याच दिशेला ठेवायचं, म्हणजे गिअरची दिशा उलटी करायची भानगड नाही. पुढच्या चाकांना मिळणारी ताकद आता मागच्या चाकांना मिळते. फेरारीसारखी मांडणी आणि पार्ट मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळणारे.

याच कल्पनेतून १९६६ मध्ये युनिपॉवर जीटी आणि १९६७ मध्ये कॉक्स जीटीएम या गाड्या लंडनच्या रेसिंग कार शोमध्ये झळकल्या. जीटीएम मँचेस्टरजवळच्या हेझल ग्रोव्हमधल्या एका गॅरेजमालकाने किट म्हणून विकायला काढली. चेसी आणि फायबरची बॉडी तो देणार, इंजिनाचं गाठोडं तुम्ही अपघातात चेपलेल्या मिनीमधून काढायचं. मिनी गंजायच्या आणि ठोकल्याही जायच्या, त्यामुळे भंगारात मालाची कमी नव्हती. जीटीएम हे नाव पुढे अनेक मालकांच्या हातांतून गेलं आणि अनेक मॉडेलांवर दिसत राहिलं.

हा जुगाड फक्त हौशी लोकांचा राहिला नाही. फियाटने १९७२ मध्ये स्वतःच्याच १२८ या साध्या कौटुंबिक गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स मागे नेऊन एक्स १/९ बनवली. टोयोटाने १९८४ मध्ये कोरोलाच्या घरातलं इंजिन वापरून एमआर-२ आणली. रोव्हर कंपनीने १९९५ च्या एमजी एफसाठी चक्क मेट्रो या छोट्या हॅचबॅकच्या सबफ्रेम वापरल्या. लोटस एलिसमध्ये रोव्हरचंच १.८ लिटरचं इंजिन होतं, ताकद जेमतेम ११८ बीएचपी. पण गाडीचं वजन होतं सव्वासातशे किलोच्या आसपास, त्यामुळे ती भल्याभल्यांना मागे टाकायची.

मराठी वाचकाला यातली जवळची वाटेल ती जपानची ऑटोझॅम एझेड-१. १९९२ ची, पंखासारखे वर उघडणारे दरवाजे असलेली, ७२० किलोची चिमुकली मिड-इंजिन गाडी. विकणारी मूळ कंपनी माझदा, पण इंजिन सुझुकीचं, अल्टो वर्क्समधलं ६५७ सीसीचं तीन सिलिंडर टर्बो, एफ६ए. भारतात १९८३ पासून धावलेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन म्हणजे एफ८बी, त्याच घराण्यातलं. म्हणजे आपल्या ८०० च्या चुलतभावाने एकेकाळी जपानमध्ये सुपरकारचा थाट केला होता.

हे वेड ब्रिटनमध्येच एवढं का वाढलं?

कारण टॅक्स. तिथे १९७३ पर्यंत तयार गाडीवर 'परचेस टॅक्स' लागायचा, सुट्या पार्टवर नाही. गाडी सुटी विकत घेऊन घरी स्वतः जोडली की पैसे वाचायचे. लोटस सेव्हनसारख्या गाड्या यामुळेच सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आल्या. एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली, पण तोवर घराघरांतल्या गॅरेजला सवय लागली होती.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं पुस्तक आलं. २५० पाउंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, असा त्याचा दावा. एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची चेसी आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे पार्ट. या गाड्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात. त्यात इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असते. अडचण अशी की तशी मांडणी असलेल्या छोट्या गाड्या तोवर बनायच्या बंद झाल्या होत्या. भंगारात येणारी जवळपास प्रत्येक छोटी गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह होती. त्यामुळे स्वस्तात गाडी बनवायची, तर तेच गाठोडं मागे नेणं हा बऱ्याच जणांसाठी सगळ्यात सोयीचा मार्ग ठरला.

बनवायला घेतली की काय काय आडवं येतं?

सुरुवात अख्ख्या जुन्या गाडीपासून होते. पार्ट सुटे जमवण्यापेक्षा एक चालू अवस्थेतली गाडी घेणं नेहमी स्वस्त पडतं, कारण इंजिनासोबत वायरिंग, पेडल, मीटर, काचेची मोटर असं बारीकसारीक सगळं मिळतं. गाडी सोडवण्याआधी थोडी चालवूनही बघता येते. इंजिनाचा आवाज, गिअर पडतात का, धूर कुठल्या रंगाचा, हे नंतर कळून उपयोग नसतो.

मग चेसी. बहुतेक हौशी लोक चौकोनी पाइपची 'स्पेस फ्रेम' करतात. विजेचा टॉवर बघितला तर त्यात चौकोन कमी आणि त्रिकोण जास्त दिसतात. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. चेसीचंही तेच. ज्या चौकोनात तिरका पाइप नाही, तिथून गाडी पिळवटते आणि मग सस्पेन्शन कितीही चांगलं असलं तरी चाकं हवी तिथे राहत नाहीत. मिड-इंजिन गाडीत इंजिन काढा-घालायला मागे मोठं भगदाड ठेवावं लागतं आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त वजन असतं. म्हणून अनुभवी लोक तिथला एखादा पाइप नटबोल्टने सोडवता येईल असा ठेवतात. वेल्डिंग करताना आधी सगळीकडे टाके मारायचे, मापं पुन्हा तपासायची आणि मग आलटून-पालटून पूर्ण वेल्ड. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं तर उष्णतेने फ्रेम केळ्यासारखी वाकते.

गाडीची मागची रुंदी बनवणारा ठरवत नाही, ड्राइव्ह शाफ्ट ठरवतात. त्यांची लांबी बदलायची तर कापून जोडणं हा सर्वात वाईट मार्ग, कारण पूर्ण ताकद तिथूनच जाते. म्हणून शाफ्ट आहेत तसे ठेवून चेसी त्याप्रमाणे आखली जाते.

आणि आता या सगळ्या प्रकारातली सगळ्यात धोकादायक जागा.

पुढून उचलून आणलेली चाकं मुळात वळणारी होती. ती मागे आली म्हणून वळायची थांबत नाहीत. स्टेअरिंगचा रॅक तर निघून गेला, मग टाय रॉड कशाला जोडायचे? ते चेसीला पक्के जोडायचे, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. चाक खड्ड्यात जाताना वर-खाली होतं तेव्हा खालचा आर्म एका कमानीत फिरतो. टाय रॉड चुकीच्या उंचीवर किंवा चुकीच्या लांबीचा असेल तर त्याची कमान वेगळी पडते आणि प्रत्येक धक्क्याला मागचं चाक किंचित वळतं. पुढच्या चाकाचं असं झालं तर ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग असतं, तो सावरतो. मागच्या चाकाला स्टेअरिंग नसतं. ऐंशीच्या वेगाने एक्स्प्रेसवेचा जोड ओलांडताना गाडी स्वतःहूनच लेन बदलायला लागते.

मोठ्या कंपन्याही यात अडकल्यात. जनरल मोटर्सने १९८४ मध्ये पाँटिॲक फिएरो ही मिड-इंजिन गाडी काढली. पैसे वाचवायला पुढचं सस्पेन्शन शेव्हेट या छोट्या गाडीचं आणि मागचं एका फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचं, टाय रॉड फ्रेमला जोडलेले. अगदी घरगुती जुगाडासारखं. धक्क्याला मागची चाकं वळण्याचा दोष तिच्यात होता. १९८८ साठी कंपनीने मागचं सस्पेन्शन नव्याने डिझाइन केलं आणि त्याच वर्षी गाडीच बंद केली.

पुढच्या चाकांचं काय? वळणारे हब तर मागे गेले. म्हणून पुढे बसवायला आणखी एका गाडीचे हब आणि रॅक लागतात. एका गाडीत काम होईल असं समजून सुरू केलेल्या प्रोजेक्टला इथे दुसरी भंगार गाडी लागते.

ब्रेकचं गणितही उलटं होतं. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत जास्त वजन पुढे, म्हणून पुढे मोठे डिस्क आणि मागे छोटे ड्रम. गाठोडं मागे नेलं की मोठे डिस्कही मागे जातात. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि नेमक्या त्याच क्षणी तिथे जास्त ब्रेक लागतो. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गोल फिरते. शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन तिरक्या असतात, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका लाइनवर. ते बदलून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या लाइन वेगळ्या कराव्या लागतात आणि मागचा दाब कमी करायला व्हॉल्व्ह किंवा पुढे-मागे वाटणी बदलता येणारा पेडल बॉक्स बसवावा लागतो. हँडब्रेक हा आणखी एक त्रास. तो मूळ गाडीच्या मागच्या ड्रममध्ये होता, पुढच्या डिस्कमध्ये त्याची सोयच नसते.

कूलिंग बिचारं साधं वाटतं आणि सगळ्यात जास्त इंजिनं तेच खातं. रेडिएटर हवेसाठी पुढेच ठेवतात, इंजिन मागे. मध्ये फ्लोअरखालून दोन लांब पाइप. या पाइपमध्ये हवा अडकली की पाणी फिरत नाही, मीटरवर काटा बराच वेळ नॉर्मल दिसतो आणि मग एकदम हेड गॅस्केट जाते. म्हणून सगळ्यात उंच जागी हवा काढायचा नट ठेवतात आणि पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचलतात. इंजिनावर समोरून वारा येत नसल्याने आत उष्णताही साठते. त्यासाठी बाजूला हवा आत येण्याची आणि वर बाहेर पडण्याची जागा लागते. लॅम्बोर्गिनीच्या बाजूला दिसणारे ते कट दिखाव्यासाठी नसतात. रीलमधल्या गाड्यांवर ते बहुतेक वेळा नुसते काळे रंगवलेले असतात.

गिअर लिव्हरला इंजिनापर्यंत मागे पोहोचवायला लोखंडी दांडीपेक्षा केबल बरी पडते. हे काम किचकट असलं तरी जिवावर बेतणारं नाही.

जिवावर बेतते ती आग. पेट्रोलची टाकी, गरम सायलेन्सर आणि ड्रायव्हरची पाठ हे तिघं एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात. म्हणून सीट आणि इंजिनाच्या मध्ये पूर्ण बंद पत्र्याची भिंत लागते, वायर-पाइप जिथून जातात ती भोकंही बुजवलेली. फिएरोच्या १९८४ च्या गाड्यांना आगी लागल्या होत्या. इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटून गरम एक्झॉस्टवर ऑइल सांडत होतं आणि कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथे इंजिनिअरांची फौज होती. शेडमध्ये एकटा माणूस असतो आणि गाडी स्टार्ट झाल्याच्या आनंदात पेट्रोलचा पाइप क्लिपने आवळायचा राहून जातो.

या सगळ्याला वेळ किती लागतो? कामधंदा सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला वर्षं लागतात. बरेच प्रोजेक्ट चेसीवर चाकं लागली की तिथेच थांबतात, कारण दिसायला ऐंशी टक्के काम झालेलं असतं आणि प्रत्यक्षात अर्धंही नसतं.

ब्रिटनमध्ये ती रस्त्यावर कशी येते?

तिथे एकट्या-दुकट्या गाडीसाठी वेगळी सरकारी तपासणी आहे. १९९८ मध्ये 'सिंगल व्हेइकल अप्रूव्हल' सुरू झालं, २००९ पासून त्याची जागा 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' म्हणजे आयव्हीएने घेतली. स्वतःसाठी, स्वतःच्या हाताने गाडी बनवणाऱ्यांसाठी त्यात वेगळा वर्ग आहे.

इन्स्पेक्टर सीट बेल्ट कुठे जोडलाय, लाइट किती उंचीवर आहेत, धूर आणि आवाज किती, स्पीडोमीटर बरोबर दाखवतो का, हे सगळं बघतो. पादचाऱ्याला लागू शकेल अशी बाहेरची कड धारदार नको, तिला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी, हा नियम तर तिथल्या हौशी लोकांच्या चेष्टेचा विषय आहे. नट-बोल्टवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून लोक तपासणीला जातात. ब्रेक चाचणीत पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक व्हायला हवीत, हेही बघितलं जातं. वर ब्रेकचं जे उलटं गणित सांगितलं, ते इथे पकडलं जातं. नापास झालात तर चुकांची यादी हातात मिळते. दुरुस्त करा, पुन्हा या. गाडी किती जुनी किंवा कुठून आली हेच ठरवता येत नसेल तर तिला 'क्यू' अक्षराने सुरू होणारी नंबर प्लेट मिळते.

आणि भारतात?

इथे कमेंटमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते कडू आहे.

भारतात गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ नुसार तिचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे चाचणीला द्यावा लागतो. गंमत म्हणजे यातल्या नावाजलेल्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. पण ही सगळी रचना हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी आहे. खर्च कंपनीला परवडतो, कारण तो हजारो गाड्यांवर वाटला जातो. शेडमध्ये एकच गाडी बनवणाऱ्यासाठी ब्रिटनसारखी वेगळी, आवाक्यातली वाट नाही.

मग जुन्या गाडीचंच आरसी बुक वापरलं तर? बरेच जण हेच करतात आणि हेच अंगाशी येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला स्वतःहून बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. सीएनजी किट, परवानगी घेऊन इंजिन बदलणं, दिव्यांग व्यक्तींसाठी केलेले बदल अशा मोजक्या गोष्टींना मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-ए बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. इंजिन पुढून मागे नेलेल्या गाडीत असे 'बदल' किती निघतील, ते मोजत बसा.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण विम्याच्या कागदावर मारुती ८०० असेल आणि रस्त्यावर धावणारी वस्तू वेगळीच असेल, तर अपघातानंतर कंपनी पैसे द्यायला नकार देऊ शकते. धडक बसलेल्याच्या कुटुंबाला भरपाई मग बनवणाऱ्याच्या खिशातून जाते. सीटखालच्या वेल्डिंगपेक्षा हे जास्त महागात पडतं. म्हणूनच अशा गाड्या बनवणाऱ्याने ती शेतात, खासगी जागेत किंवा रेसिंग ट्रॅकवर चालवणं हाच आजचा मार्ग उरतो.

आणि ट्रॅकवर भारतात हे कधीच करून झालंय.

कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत मारुती ८०० चं इंजिन वापरून सिंगल सीटर रेसिंग गाड्या बनवल्या. ड्रायव्हर पुढे, पाठीमागे तेच ७९६ सीसीचं घरगुती इंजिन. विदेशी रेसिंग कार आणणं तेव्हा बहुतेकांच्या कल्पनेपलीकडचं होतं. ज्या इंजिनाचे पार्ट कुठल्याही गावात मिळतात, त्याच इंजिनावर पोरांना रेसिंग शिकता यावं हा हिशेब. या गाड्यांच्या स्पर्धेला लोक 'फॉर्म्युला मारुती' म्हणत. पुढे फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय, नरेन कार्तिकेयन, त्याची पहिली शर्यत श्रीपेरंबुदूरला याच गाडीत लढला आणि पहिल्या तिघांत आला.

करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिथे होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आपापल्या हाताने बनवलेल्या गाड्या घेऊन येतात. बऱ्याच गाड्यांत पाइपची चेसी असते आणि सीटच्या मागे केटीएम ३९० बाइकचं इंजिन, जे चाकणला बनतं. ट्रॅकवर सोडण्याआधी गाडीची तांत्रिक तपासणी होते. ब्रेक चाचणीत गाडी वेगात आणून चारही चाकं लॉक करून दाखवावी लागतात. चाकं लॉक झाली नाहीत, तर टीम गाडी बाजूला घेते, पाने काढते आणि पुन्हा रांगेत उभी राहते.